हर्शी की रेडिंग? हंगामाचं तिकीट काढण्याआधी

गेल्या गणपतीत आरती झाल्यावर प्रसाद वाटता वाटता एका मित्राने विचारलं, "अरे, तू हॉकीला जातोस ना? यंदा आम्ही पण सीझन तिकीट काढावं म्हणतोय. हर्शीचं काढू की रेडिंगचं?" तो नुकताच न्यू जर्सीहून इकडे पेनसिल्व्हेनियात, लँकेस्टरला राहायला आलाय. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. घरापासून दोन्ही गावांतली हॉकीची रिंक, म्हणजे बंदिस्त मैदानं, सारख्याच अंतरावर, जेमतेम पाऊण तास. हातात मोदकांचं ताट होतं, मागे रांग होती, त्यामुळे तेव्हा दिलेलं उत्तर अर्धंच राहिलं. दोन्हीकडचे हंगाम मी काढलेत, तीन हर्शीला आणि नंतरचे दोन रेडिंगला, म्हणून हे सविस्तर लिहितो. लँकेस्टरच्या बाहेरच्यांनाही उपयोग होईल, कारण असाच प्रश्न अमेरिकेत बऱ्याच गावांत पडतो.

आधी एक खुलासा. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान, चेंडू आणि ध्यानचंद. इथली हॉकी बर्फावरची. चेंडूऐवजी पक, म्हणजे गोठवून कडक केलेली रबराची काळी चकती. एका वेळी एका संघाचे पाच खेळाडू आणि गोली, वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. एवढं डोक्यात असलं तरी पहिल्या सामन्याला पुरे.

उतरंड अशी आहे. सगळ्यात वर एनएचएल, म्हणजे नॅशनल हॉकी लीग. तिच्याखाली एएचएल, म्हणजे अमेरिकन हॉकी लीग. ही १९३६ पासून चालू आहे, तिच्यात ३२ संघ आहेत आणि प्रत्येक संघ एनएचएलच्या एकेका संघाशी जोडलेला आहे. त्याखाली ईसीएचएल. ती १९८८ मध्ये पाच संघांवर सुरू झाली, ईस्ट कोस्ट हॉकी लीग या नावाने. २००३ मध्ये पश्चिमेकडची एक लीग तिच्यात आली आणि नाव नुसतं ईसीएचएल राहिलं. २०२५-२६ च्या हंगामात तिच्यात ३० संघ होते. दोन्ही लीगमध्ये हंगाम ७२ सामन्यांचा, त्यातले ३६ घरच्या रिंकवर, ऑक्टोबरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. जिंकलात तर दोन गुण, जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलात तर एक. एएचएलचा विजेता कॅल्डर कप उचलतो, ईसीएचएलचा केली कप.

हर्शी बेअर्स एएचएलमध्ये आहेत आणि त्यांच्या वर वॉशिंग्टन कॅपिटल्स. रेडिंग रॉयल्स ईसीएचएलमध्ये. त्यांच्या वर अ‍ॅलनटाउनचे लीहाय व्हॅली फँटम्स आणि त्याच्याही वर फिलाडेल्फिया फ्लायर्स. म्हणजे हर्शीचा खेळाडू एनएचएलपासून एक पायरी लांब, रेडिंगचा दोन.

ही एक पायरी बर्फावर कशी दिसते, ते सांगतो. हर्शीचा बचावपटू स्वतःच्या गोलमागे पक घेतो. मान वर न करताच पास देतो. पक दूरच्या खेळाडूच्या काठीच्या पात्यावर, टेप गुंडाळलेल्या जागी, अलगद येऊन बसतो आणि तो खेळाडू धावता धावताच पुढे सरकलेला असतो. तीन सेकंदांत खेळ या टोकाचा त्या टोकाला. रेडिंगला तोच पास वीतभर मागे पडतो. मग घेणारा वेग कमी करतो, पक स्केटने पुढे ढकलतो, तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. पक हातचा जातो, रिंकभोवतीच्या काचेवर आदळतो, पुन्हा मिळतो. खेळ तुटक होतो, चुका जास्त होतात.

वाचताना वाटेल, मग प्रश्न कसला, हर्शीलाच जावं. मलाही पहिली तीन वर्षं तसंच वाटायचं. पण नवख्या माणसाला हर्शीला गोल का झाला तेच कळत नाही. डोळा पकमागे जाईपर्यंत भोंगा वाजलेला असतो, आजूबाजूचे उभे राहिलेले असतात. रेडिंगला चूक दिसते, चुकीनंतर मोकळी पडलेली जागा दिसते, त्या जागेत शिरणारा माणूस दिसतो आणि मग गोल दिसतो. माझी मुलगी खेळ शिकली ती रेडिंगला. "बाबा, तो माणूस परत यायला विसरला," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही गोलच्या मागे, बाराव्या रांगेत बसलो होतो, आणि ती बरोबर होती.

आता एक गोष्ट जी बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही: रेडिंगला गोलीकडे बघा. पास देणाऱ्यांत आणि पळणाऱ्यांत दोन लीगमधला फरक ढळढळीत दिसतो, गोलीत तेवढा दिसत नाही. कारण साधं आहे. एनएचएलचे संघ ३२ आणि प्रत्येकाकडे गोली दोन. जागाच तेवढ्या. त्यामुळे पुढे मोठं नाव काढणारे गोलीसुद्धा खाली थांबून राहतात. जोनाथन क्विक २००७-०८ मध्ये रेडिंगच्या गोलमध्ये उभा होता. २०१२ मध्ये लॉस एंजेलिस किंग्जने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा प्ले-ऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू तोच होता. त्याच्या आधी रेडिंगला युताका फुकुफुजी होता. जपानमध्ये वाढलेला हा गोली २००७ मध्ये एनएचएलचा सामना खेळणारा पहिला जपानी ठरला. आशियातून आलेल्या माणसाला इथल्या बर्फावर जागा मिळाली ती या गावातून, याचं मला फार अप्रूप आहे. हंटर शेपर्डचंही तसंच. कुठल्या एनएचएल संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे तरुण खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं नव्हतं. तो ईसीएचएलमध्ये साउथ कॅरोलिना स्टिंगरेजकडून खेळला, मग हर्शीला आला आणि २०२३ च्या कॅल्डर कपमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच ऑक्टोबरात तो वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरला.

मारामारीबद्दल आयांचा हमखास प्रश्न असतो, म्हणून सरळ सांगतो. दोन्ही लीगमध्ये हातमोजे टाकून भांडणं होतात, आणि पंच काही क्षण ती होऊ देतात. दोघांनाही पाच-पाच मिनिटांची शिक्षा होते. मला हा भाग कधीच आवडला नाही. आमच्या मुलीला आम्ही पहिल्याच सामन्याआधी सांगून ठेवलं होतं की असं झालं तर टाळ्या वाजवायच्या नाहीत. तिने आजवर वाजवलेल्या नाहीत. हे कारण तुमच्यासाठी मोठं असेल, तर दोन्हींपैकी कुठलंच तिकीट काढू नका, कारण या बाबतीत एक निवडून दुसरं टळत नाही.

पुढचा मुद्दा खेळाडू टिकण्याचा, आणि हंगामभर जाणाऱ्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा. सप्टेंबरात एनएचएलची शिबिरं भरतात. तिथून गळालेले एएचएलला येतात, एएचएलच्या शिबिरातून गळालेले ईसीएचएलला. हे पाणी एप्रिलपर्यंत वरखाली वाहत राहतं. नोव्हेंबरात वॉशिंग्टनच्या दोघांना दुखापत झाली की हर्शीची पहिली फळी रातोरात बदलते. अ‍ॅलनटाउनला माणूस कमी पडला की रेडिंगचा खेळाडू शुक्रवारी इथे आणि शनिवारी तिथे. ईसीएचएलचा खेळाडू वर तात्पुरत्या करारावर जातो. असा एक करार २५ सामन्यांपुरता असतो, त्यानंतर कायमचं ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरतं. मार्चमध्ये कॉलेजचे हंगाम संपले की नवीन पोरं येतात, आणि ज्याचं नाव मुलांनी डिसेंबरात पाठ केलेलं असतं तो बाकावरही दिसत नाही.

आम्ही हर्शीला पहिल्या वर्षी मुलीसाठी एका तरुण खेळाडूच्या नावाची जर्सी घेतली होती. दिवाळीनंतर तो वर गेला, फेब्रुवारीत दुसऱ्या संघाला दिला गेला. ती बरीच रडली. नंतर ती जर्सी तिने तशीच वापरली, आणि टीव्हीवर तो दिसला की अजून बोट दाखवते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, पाठीवर नाव नसलेली जर्सी घ्या.

दोन्ही लीगमध्ये या वरखाली होण्याला नियमांची चौकट आहे, आणि तिच्यातून संघाचा चेहरा ठरतो. एएचएलमध्ये बर्फावर उतरणाऱ्या १८ खेळाडूंपैकी (गोली सोडून) १३ जण शिकाऊ गटातले असावे लागतात. त्यातल्या १२ जणांचे व्यावसायिक सामने २६० च्या आत, एकाचे ३२० च्या आत. म्हणजे वयाने मोठे, गावाला ओळखीचे झालेले असे पाचच. ईसीएचएलमध्ये २६० च्या वर सामने खेळलेले जास्तीत जास्त चौघे. तरीही रेडिंगला तेच तेच चेहरे जास्त दिसतात असा माझा अनुभव आहे. कारण हर्शीचा बराचसा संघ वॉशिंग्टनच्या मालकीचा. तिकडच्या गरजेप्रमाणे तो हलतो. रेडिंगला काही जण फिलाडेल्फियाचे असतात, पण बरेचसे रेडिंगनेच करार करून आणलेले. त्यांना पगार आठवड्याच्या हिशोबाने, तो फार नाही, हंगामापुरती राहायची सोय संघाची. उन्हाळ्यात यातले कित्येक जण मुलांना शिकवायला जातात किंवा दुसरी नोकरी धरतात. त्यातले दोघे-तिघे पुढच्या ऑक्टोबरात परत आलेले दिसले की ओळखीचं माणूस गावी परतल्यासारखं वाटतं.

वर जाण्याची शक्यता अर्थात हर्शीला कितीतरी जास्त. एनएचएलमध्ये खेळणाऱ्या दहांतले जवळजवळ नऊ जण एएचएलमधून गेलेले असतात. ईसीएचएलमधून गेलेलेही ७०० च्या वर आहेत, पण ते सगळ्या वर्षांचे मिळून. कोचही असेच वर चढतात. स्पेन्सर कारबेरी साउथ कॅरोलिनात खेळला, तिथेच कोच झाला, मग हर्शीचा कोच, आणि आता वॉशिंग्टनचा. तिन्ही लीगमध्ये वर्षातला सर्वोत्तम कोच ठरलेला तो पहिला माणूस, २०२५ मध्ये. हर्शीच्या बाकामागे उभा असलेला हा माणूस आम्हीही पाहिला होता.

आता जागेबद्दल. हर्शी हे चॉकलेटचं गाव, चॉकलेट अ‍ॅव्हेन्यूवरच्या दिव्यांच्या टोप्यासुद्धा चॉकलेटच्या आकाराच्या. बेअर्स १९३८ पासून एएचएलमध्ये आहेत आणि इतकी वर्षं एका जागी टिकलेला दुसरा संघ या लीगमध्ये नाही. आधी ते १९३६ मध्ये बांधलेल्या जुन्या रिंकवर खेळत. विल्ट चेंबरलेनने बास्केटबॉलच्या एका सामन्यात १०० गुण केले ते २ मार्च १९६२ ला, त्याच छपराखाली. २००२ पासून बेअर्स शेजारच्या जायंट सेंटरला आहेत. तिथे साडेदहा हजार माणसं बसतात, आणि शनिवारी ती खरोखर बसलेली असतात. एएचएलमध्ये प्रेक्षकांच्या संख्येत हर्शीचा नंबर बहुतेक वर्षी पहिला. वर टांगलेल्या झेंड्यांकडे पाहिलं की कारण कळतं. २००९-१० मध्ये (तेव्हा हंगाम ८० सामन्यांचा होता) ६० सामने जिंकून कप. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कोचेला व्हॅलीविरुद्ध पहिले दोन सामने ५-० आणि ४-० असे हरून, सातव्या सामन्यात जादा वेळेत ३-२. २०२३-२४ मध्ये ७२ पैकी ५३ जिंकून पुन्हा अंतिम फेरी, पुन्हा समोर कोचेला व्हॅली, आणि २४ जून २०२४ च्या रात्री घरच्या बर्फावर जादा वेळेत ५-४. तो तेरावा कॅल्डर कप. आम्ही त्या रात्री वरच्या मजल्यावर, अगदी भिंतीला टेकून होतो. मॅट स्ट्रोमचा गोल झाला तेव्हा पक आत गेलेला मला दिसला नाही, दिसले ते बाकावरून उड्या टाकणारे खेळाडू. शेजारचे आजोबा खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. ते जुन्या रिंकपासूनचे प्रेक्षक होते.

आणि जानेवारीतली ती टेडी बेअरची संध्याकाळ. एक तरी वर्ष ती पाहावीच. प्रत्येकजण घरून मऊ खेळणी आणतो. हर्शीचा पहिला गोल झाला की सगळी बर्फावर फेकायची. ती गोळा करून गरजू मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दिली जातात. २०२३ ला ६७,३०९, २०२४ ला ७४,५९९ आणि ५ जानेवारी २०२५ ला १,०२,३४३ खेळणी जमली. ससे, अस्वलं, माणसाएवढे जिराफ चारी बाजूंनी हवेत उडतात, काही मिनिटं बर्फ दिसेनासा होतो, खेळाडू गुडघाभर खेळण्यांतून वाट काढतात. मोजणी आणि सफाई होईपर्यंत खेळ थांबलेला, तरी जागेवरून कोणी हलत नाही. आमच्या मुलीने आपला जुना हत्ती आणला होता. गोल झाला तेव्हा तिने तो आधी पोटाशी धरला, मग माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही हातांनी फेकला.

रेडिंगला यातलं बरंचसं नाही. रिंक २००१ चं, हॉकीला सातेक हजारांचं, गावाच्या मध्यात. रेडिंग जुन्या रेल्वेचं आणि कारखान्यांचं गाव, हर्शीइतकं सजलेलं नाही. केली कप एकच, २०१३ चा, अंतिम फेरीत स्टॉकटनला ४-१ हरवून. बऱ्याच सामन्यांना खुर्च्या रिकाम्या असतात. पण त्याच रिकाम्या खुर्च्यांमुळे मुलं हळूहळू काचेपाशी जातात. सरावाला आलेला खेळाडू काचेवर काठी टेकवतो, पक वरून टाकून देतो. काही सामन्यांनंतर प्रेक्षकांना स्केट घालून बर्फावर सोडतात, खेळाडूही असतात. आमच्या मुलीचा हात धरून एका बचावपटूने तिला एक पूर्ण फेरी मारून आणली, आणि पुढच्या आठवड्यात तिला नावाने हाक मारली. हर्शीच्या तीन वर्षांत आम्हाला नावाने ओळखणारी एकच व्यक्ती होती, पार्किंगच्या तिकिटाची.

खर्चाचे आकडे देत नाही, कारण ते दरवर्षी बदलतात आणि कुठे बसता त्यावर असतात. पण जवळच्या रांगेतली खुर्ची रेडिंगला हर्शीपेक्षा बरीच स्वस्त पडते. हर्शीला त्याच पैशात वरचा मजला. दोन्हीकडे पूर्ण ३६ सामन्यांऐवजी अर्ध्या हंगामाचं किंवा थोड्या सामन्यांचं पॅकेज मिळतं, आणि लहान मुलांच्या घराने पहिल्या वर्षी तेच घ्यावं. शाळा, सर्दी, बर्फाचं वादळ, मंडळाचे कार्यक्रम, ३६ संध्याकाळी कोणालाच जमत नाहीत. आम्ही कधीही २४ च्या वर गेलो नाही.

आता टिकाऊपणाचा मुद्दा, आणि यावर मी जास्त बोलणार आहे. गौण लीगचा संघ ही गावाची मालमत्ता नसते, हे आपण विसरतो. व्हर्जिनियातलं नॉरफोक घ्या. १९८९ ला तिथे ईसीएचएलचा संघ आला, २००० ला गाव एएचएलमध्ये चढलं. २०११-१२ च्या हंगामात नॉरफोक अ‍ॅडमिरल्सने नियमित हंगामातले शेवटचे २८ सामने सलग जिंकले. एवढी लांब विजयमालिका एएचएलमध्ये दुसरी नाही. कोच होता जॉन कूपर, ज्याने पुढे टँपा बेला २०२० आणि २०२१ चे स्टॅनली कप मिळवून दिले. अंतिम फेरीत टोरोंटो मार्लीजला ४-० असं धुऊन त्यांनी कॅल्डर कप घेतला. तीन वर्षांनी, २०१५ ला, तो संघ कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला हलवला गेला आणि नॉरफोकला त्याच नावाने, त्याच रिंकवर ईसीएचएलचा संघ आला. वरच्या संघांना आपले शिकाऊ खेळाडू जवळ हवे होते, एवढंच कारण.

त्याच वर्षी न्यू हँपशरच्या मँचेस्टरचं आणखी वाईट झालं. जानेवारी २०१५ ला कळलं की मोनार्क्स हंगामाअखेर कॅलिफोर्नियाला जाणार. जूनमध्ये त्याच संघाने कॅल्डर कप जिंकला. कप जिंकलेला संघ गेला, बदल्यात ईसीएचएलचा आला, आणि २०१९ ला तोही बंद पडला. पाच वर्षांत गावाने दोन्ही लीग पाहिल्या आणि दोन्ही गमावल्या.

ईसीएचएलमध्ये हा धोका आणखी जवळचा. न्यूफाउंडलंड ग्रोलर्सने आपल्या पहिल्याच हंगामात, २०१९ ला, केली कप जिंकला होता. एप्रिल २०२४ च्या सुरुवातीला, हंगामाचे मोजके सामने उरले असताना, लीगने त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. तिकीट काढून बसलेल्या माणसाला शेवटचा सामना शेवटचा आहे हे माहीतही नव्हतं.

या बाबतीत हर्शी निर्धास्त. गाव, मनोरंजन-बाग, रिंक आणि संघ एकाच घराण्याच्या वारशातले, आणि ऐंशीहून जास्त वर्षं जागचे हललेले नाहीत. रेडिंग २००१ पासून आहे. कोविडच्या २०२०-२१ च्या हंगामात ते खेळले नाहीत, पण परत आले. रेडिंगला उद्या काही होईल असं मला वाटत नाही. तरी पाच वर्षांचे पैसे आधी भरा असं कोणी म्हणालं तर हर्शीला भरा, रेडिंगला वर्षाचे वर्षाला.

काही व्यवहाराच्या गोष्टी. आत थंडी असते, ऑक्टोबरातही मुलांना स्वेटर आणि टोपी. बाहेरचं खाणं नेता येत नाही, शाकाहारींना प्रेट्झेल, फ्राइज आणि पॉपकॉर्न एवढंच, म्हणून घरून जेवून निघा. पहिल्या सामन्याला काचेजवळची जागा घेऊ नका. तिथे आवाज आणि वेग कळतो, पण पलीकडच्या टोकाला काय चाललंय ते दिसत नाही. मध्यभागी दहा-पंधरा रांगा वर बसा. हर्शीला सामना संपल्यावर गाडी बाहेर काढायला वेळ लागतो, रेडिंगहून रूट २२२ ने आम्ही मुलगी झोपायच्या आत घरी असतो.

घरबसल्या पाहायचं तर दोन्ही लीग इंटरनेटवर फ्लोहॉकीवर दिसतात, पैसे भरून. साताऱ्याला माझे बाबा बघतात. इथे संध्याकाळचे सात म्हणजे तिकडे हिवाळ्यात पहाटेचे साडेपाच. ते तसेही उठलेले असतात, चहाचा कप घेऊन बसतात. त्यांना रेडिंगचे सामने जास्त आवडतात. कॅमेरे कमी, त्यामुळे दृश्य सारखं बदलत नाही आणि त्यांना पक सापडतो.

दुसऱ्या गावांतल्या वाचकांसाठी थोडक्यात. ऑस्टिनजवळ सीडर पार्कला टेक्सस स्टार्स, सॅन होजेला बाराकुडा, शिकागोजवळ रोझमाँटला वुल्व्ह्ज, टोरोंटोला मार्लीज, हे सगळे एएचएल. डॅलसच्या उत्तरेला अ‍ॅलन, अटलांटाजवळ डुलुथ, इंडियानापोलिसजवळ फिशर्स, आणि इलिनॉयमधलं ब्लूमिंग्टन, हे ईसीएचएल. पिओरिया, हंट्सव्हिल, नॉक्सव्हिलला राहत असाल तर तिथे एसपीएचएल, आणखी खालची लीग. तिचा वरच्या कुठल्या संघाशी संबंध नाही. तिकीट आणखी स्वस्त, खेळ आणखी खडबडीत. बहुतेकांना जवळ एकच पर्याय असतो आणि तोच बरोबर पर्याय असतो. दीड तास गाडी चालवून वरच्या लीगला जाण्यापेक्षा वीस मिनिटांवरच्या खालच्या लीगला वीस वेळा जा.

आता मित्राचं उत्तर. घरात हॉकी आधीपासून असेल, मूल स्वतः खेळत असेल, किंवा उद्या एनएचएलमध्ये दिसणारी पोरं आज पाहायची असतील, तर हर्शी, आणि दुसरा विचार करू नका. बारा-तेरा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलासाठी तिथला एक पास रेडिंगच्या पूर्ण संध्याकाळीइतकं शिकवतो. आजी-आजोबा उन्हाळ्यापर्यंत मुक्कामी असतील तरी हर्शी, कारण बेअर्स बहुधा मे महिन्यात खेळत असतात आणि बाहेर ऊबही आलेली असते.

पण नऊ आणि सहा वर्षांची मुलं, खेळाची काहीच ओळख नाही, आणि गावात नवीन, अशा घराने रेडिंगचं अर्ध्या हंगामाचं तिकीट काढावं, गोलच्या मागे, दहाव्या-बाराव्या रांगेत. त्यातून जे पैसे वाचतील त्यात हर्शीच्या तीन-चार सामन्यांची सुटी तिकिटं, त्यातलं एक जानेवारीतल्या टेडी बेअरच्या संध्याकाळचं. ते लवकर संपतं, हंगामाचं वेळापत्रक आलं की लगेच काढा.

हे मी त्याला फोनवर सांगितलं. बायकोशी बोलून कळवतो म्हणाला. मग मागून मुलीचा आवाज आला, "काका, खेळणं नवीनच लागतं का फेकायला, की जुनं चालतं?"